आपल्या पोरी कॉलेजचा अंक काढतात तेव्हा



आज हप्ता, व्याज, कर्ज यांवर बोलायचं नाही. पण सुरुवात मात्र पावतीपासूनच करायची आहे.

मागच्या बैठकीत एका काकूंनी मुलीच्या कॉलेजची फीची पावती आणली होती. पावतीची प्रत्येक ओळ वाचायची ही सवय आपल्याला गटाने लावली. काकूंनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ग्रंथालय कळलं, जिमखाना कळला, परीक्षा कळली. हे 'वार्षिक नियतकालिक' म्हणजे कशाचे पैसे?"

उत्तर द्यायला आम्ही तिघी एकदमच बोलायला लागलो. या भागातल्या गटांचं काम बघणाऱ्या आम्ही तिघी एकाच कॉलेजातून बी.ए. झालो, आणि शेवटच्या वर्षी तिघीही त्या अंकाच्या संपादक मंडळात होतो. त्याला आता पंधरा वर्षं झाली. त्या अंकाने आम्हाला पुष्कळ शिकवलं, आणि आमच्या हातून त्यात एक मोठी चूकही झाली. ती चूकही आज सांगणार आहोत, कारण यंदा आपल्या गटांतल्या बायकांच्या मुली तेच काम करत आहेत.

हा अंक असतो तरी काय?

विद्यापीठाशी जोडलेली बहुतेक कॉलेजं वर्षातून एकदा एक पुस्तकवजा अंक काढतात. त्यात मुलामुलींच्या कविता, कथा, लेख, प्रवासवर्णनं, मुलाखती असतात. मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग असतात. मागे वर्षभराच्या कार्यक्रमांचे अहवाल आणि फोटो असतात. काही विद्यापीठं आपल्या कॉलेजांच्या अंकांची स्पर्धाही भरवतात. एक प्राध्यापक संपादक असतात आणि त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांचं मंडळ असतं. अंक छापून होईपर्यंत दर महिन्याला एखादं भित्तिपत्रक निघतं. म्हणजे मोठ्या कार्डशीटवर हाताने लिहिलेला मजकूर जिन्याजवळच्या फलकावर लावायचा. छापायचा खर्च नाही, आणि जातायेता सगळे वाचतात.

अशा लहान अंकांना कमी लेखू नका. १९५४ साली मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या विशीच्या आसपासच्या पोरांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं होतं. छापखान्याचा खर्च परवडत नव्हता, म्हणून हा मार्ग. पुढे त्यांतले चित्रे आणि कोलटकर मराठीतले मोठे कवी झाले. आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय तेव्हाच्या औरंगाबादला आहे. तिथल्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मिता' हे त्रैमासिक सुरू झालं. तेच पुढे 'अस्मितादर्श' झालं, आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते कितीतरी वर्षं चालवलं. ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, अशा अनेकांना आपलं लिहिणं छापून आलेलं तिथे पाहायला मिळालं. दलित साहित्याच्या वाटचालीत त्या नियतकालिकाचं नाव आदराने घेतलं जातं.

तर त्या ओळीतले पैसे यासाठी असतात.

लिहायला कसं लावायचं?

सूचना फलकावर 'साहित्य पाठवा' असं लिहिलं की काय येतं, ते आम्ही पाहिलं आहे. 'आई' वर तीस कविता, 'पाऊस' वर वीस, 'मैत्री' वर पंधरा. त्यातल्या निम्म्या कुठून तरी उतरवलेल्या. आता तर मोबाइलला सांगितलं की तोच कविता लिहून देतो. पोरींना चोर ठरवू नका. 'कविता द्या' असं मोघम मागितल्यावर त्या तरी काय करतील?

यंदाच्या मुलींना आम्ही वेगळं सुचवलं. फलकावर प्रश्न लावा. तुमच्या घरी पाणी कोण भरतं आणि किती वाजता? एस.टी. चुकली त्या दिवशी काय झालं? तुमच्या आजीला येणारी आणि तुम्हाला न येणारी एक गोष्ट कोणती? या प्रश्नांची उत्तरं उतरवून काढता येत नाहीत. पहिल्याच आठवड्यात सत्तावीस कागद आले. एका मुलीने चुकलेल्या एस.टी.वर चार पानं लिहिली होती. ती मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही, असं तिच्या मैत्रिणीच सांगत होत्या.

निवडायचं कसं? आलेल्या कागदांवरची नावं झाका आणि त्यांना क्रमांक द्या. मग तिघींनी वेगवेगळं वाचा आणि एकत्र बसा. नाव दिसलं की आपण मैत्रीण, नातेवाईक, सरांची लाडकी असं बघतो. कर्जाचे अर्ज बघताना गटात हीच अडचण येते, हे तुम्हाला माहीत आहे. एखादं लिखाण दुसऱ्याचं वाटलं, तर चारचौघांत बोलू नका. तिला बाजूला बोलवा आणि विचारा, "हे कसं सुचलं गं? ही ओळ आधी काय होती?" जिने स्वतः लिहिलं असेल ती भरभरून सांगते.

आणि जे घेणार नाही, त्या मुलीला तसं कळवा. आमच्या वेळी आम्ही नाकारलेले कागद नुसते कपाटात ठेवले. मुली अंक चाळून आपलं नाव शोधत राहिल्या. दोन ओळींची चिठ्ठी लिहिली असती, तर काही बिघडलं नसतं.

आमची चूक

आता ती गोष्ट.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जायचे, ते पाडव्याच्या सुमाराला परत यायचे. ती आजीजवळ राहून शिकायची. तिने अंकासाठी आईवर लेख दिला. नाव होतं 'कोयता'. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. लेख सगळा घरच्या बोलीत होता. 'व्हतं', 'म्या', 'कवा' असं. रात्री दोनला उठून गाडी भरायची, उसाच्या पाचटाने हात कापायचे, पालात पाणी कुठून आणायचं, हे सगळं त्यात होतं. शेवटी आई परत येते, आणि उचल किती फिटली, किती राहिली ते बोटांवर मोजते, आणि मग काही बोलत नाही. तिथे लेख संपत होता.

आम्ही तो लेख 'सुधारला'. 'व्हतं' चं 'होतं' केलं. 'कोयता' हे नाव रुक्ष वाटलं, म्हणून 'माझी कष्टाळू माता' केलं. शेवट उदास वाटला, म्हणून चार ओळी जोडल्या. त्यात आई पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणते, की बाळा, तू शीक, मोठी हो, माझे पांग फेड. आणि जे खरं तर विचारून छापायला हवं होतं, ते मात्र जसंच्या तसं ठेवलं. उचलीचा आकडा आणि मुकादमाचं गाव.

यातलं काहीही आम्ही तिला विचारलं नाही. वेळ नव्हता, असं आम्ही म्हणायचो. खरं तर विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

प्रकाशनाच्या दिवशी तो लेख मंचावरून वाचला गेला. टाळ्या पडल्या. आम्हाला वाटलं, तिचं भलं केलं. पंधरा दिवसांनी ती कॉलेजला यायची बंद झाली. अंक कोणाच्या तरी हातून मुकादमापर्यंत पोचला होता. गावाच्या नावावरून त्याने ओळखलं आणि घरी येऊन तिच्या वडिलांना नको ते बोलला. वडिलांनी पोरीची वही चुलीत घातली.

आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. आई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "काय छापलंय ते मला वाचून दाखव." आमच्यातल्या एकीने वाचलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हे शेवटचं म्या कवा म्हनले?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. गावाच्या नावाबद्दल आम्ही म्हणालो, की ते तर तिनेच लिहिलं होतं. आई म्हणाली, "तिनं वहीत लिव्हलं. छापलं तुमी."

पुढच्या हंगामात त्यांना दुसऱ्या मुकादमाकडे जावं लागलं. मुलगी परीक्षेला आली आणि बी.ए. झाली. पण त्यानंतर तिने कुठल्या अंकाला काही दिलं, असं आम्ही ऐकलं नाही. वर्गात सगळ्यांत चांगलं तीच लिहायची.

त्यावरून ठरलेले नियम

यंदाच्या मुलींना आम्ही ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली आणि चार नियम वहीत लिहायला लावले.

पहिला, चूक आणि बोली वेगळी. 'परीस्थीती' ही चूक आहे, ती 'परिस्थिती' अशी दुरुस्त करायची. 'व्हतं' ही चूक नाही, ती बोली आहे. लिहिणारीने ती मुद्दाम ठेवली असेल, तर तशीच छापायची. ठेवायची की नाही, हे तिला विचारायचं.

दुसरा, बदल केला तर तो लिहिणारीला दाखवायचा. लेख छोटा करायचा असेल, नाव बदलायचं असेल, तरी आधी तिचं ऐकायचं. कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिखाणावरचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. तिने अंकाला दिलं, म्हणजे छापायची परवानगी दिली. मालकी दिली नाही. एका साध्या कागदावर तिची सही घ्यायची आणि छापायचा मजकूर त्याला जोडून ठेवायचा.

तिसरा, जिच्याबद्दल लिहिलं तिलाही विचारायचं. लेखात आई असेल, शेजारीण असेल, गटातली बाई असेल, तर तो तिला वाचून दाखवायचा. वाचता येत नसेल तर आवर्जून वाचून दाखवायचा. नाव झाकून भागत नाही. गाव, आडनाव, घरातली माणसं, एखादी खूण यांवरून ओळख पटते. अत्याचार झालेल्या मुलीची ओळख पटेल असं काहीही छापणं तर कायद्याने गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

चौथा, सांगणारीचं नाव. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने लिहून ठेवल्या, म्हणून त्या राहिल्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या १९५२ मध्ये पुस्तकरूपात आल्या, तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. पण पुस्तकावर नाव बहिणाबाईंचंच आहे, लिहून घेणाऱ्यांचं नाही. आपल्या पोरींनीही तसंच करावं. वर 'सांगणारी' म्हणून तिचं नाव, खाली 'लिहून घेणारी' म्हणून आपलं.

यंदा आपल्या गटांतल्या तीन बायकांनी मुलींना आपली गोष्ट सांगितली. मुलींनी लिहून आणली आणि वाचून दाखवली. एकीने दिराचा उल्लेख काढायला लावला. मुलींनी तो काढला, वाद घातला नाही. दुसरी म्हणाली, "माझंच नाव टाका, मालकाचं नको. सांगितलंय मी." तिसरीने वाचून झाल्यावर आणखी अर्धा तास सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला वाटलं होतं, की एवढंच पुरे असेल.

छापखान्यातल्या गोष्टी

आता थोडं कामाचं. छापखान्यात पानांचा हिशोब फर्म्याने होतो. मोठ्या कागदाची घडी घातली की एक फर्मा होतो, तो बहुतेक वेळा सोळा पानांचा. म्हणून अंक आठ किंवा सोळाच्या पटीत बसवायचा. ९६ पानं म्हणजे बरोबर सहा फर्मे. मजकूर ९८ पानं झाला, तर त्या दोन पानांसाठी आणखी कागद आणि आणखी छपाई लागते. तेव्हा आधी पानं मोजा आणि मग कोणता फोटो लहान करायचा ते ठरवा. कविता कापायला घाई करू नका. मुखपृष्ठाची चार पानं वेगळी धरतात.

मुली मोबाइलवर टाइप करून देतात, ते युनिकोड असतं. डीटीपीवाल्याकडे पुष्कळदा जुने फॉन्ट असतात. एकातून दुसऱ्यात नेताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. म्हणून प्रूफ दोघींनी वाचायचं. एकीने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने छापील पानावर बोट फिरवायचं. एकटीने वाचलं की डोळा चूक ओलांडून पुढे जातो. नावं सगळ्यांत शेवटी पुन्हा एकदा तपासा. कवितेतला अनुस्वार चुकला तर मुलगी सोसते, पण नाव चुकलं तर घरी अंक दाखवत नाही.

पैशाचं म्हणाल, तर समजा १,५०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकी ५० रुपये घेतले. ते झाले ७५,०००. त्यातून कागद, डीटीपी, छपाई, बांधणी. कमी पडलं तर गावातल्या दुकानांच्या जाहिराती. पैसे कॉलेजच्या खात्यात आणि व्यवहार प्राध्यापकांच्या सहीने होतात, ते ठीकच आहे. पण मंडळातल्या मुलींनी दर किती मिळाले, किती प्रती छापल्या, किती वाटल्या हे विचारावं आणि वहीत लिहावं. छापखान्याचे दोन-तीन ठिकाणचे दर त्यांनीच आणावेत. हे काम शिकलेली पोरगी उद्या गटाचा, ग्रामसंघाचा, स्वतःच्या धंद्याचा हिशोब घाबरत नाही. आम्ही तिघी त्याचंच उदाहरण आहोत. आमची पहिली कॅशबुक अंकाच्या जाहिरातींची होती.

आणखी एक. गटात पदाधिकारी बदलले तरी बायका त्याच राहतात. कॉलेजात मंडळ दरवर्षी निघूनच जातं. नवीन मुली पुन्हा शून्यापासून सुरू करतात आणि त्याच चुका करतात. म्हणून एक वही ठेवायची. कोणता डीटीपीवाला बरा, जाहिरात कोणी दिली, काय चुकलं, कोणाला दुखावलं, हे सगळं त्यात लिहायचं आणि जाताना पुढच्यांच्या हातात द्यायची. आमच्या चुकीची गोष्ट आता यंदाच्या मुलींच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. कोणाचं नाव न घालता.

तुम्ही काय करायचं?

मुलगी म्हणाली, "मला अंकाच्या मंडळात घेतलंय, उशीर होईल," तर लगेच नको म्हणू नका. किती वाजेपर्यंत, कोणाबरोबर, एस.टी. कोणती, हे ठरवून घ्या आणि जाऊ द्या. ती लिहीत असेल, तर वही उघडून तपासू नका. ती वाचून दाखवेल तेव्हा मात्र हातातलं काम ठेवून ऐका. तुमच्याबद्दल लिहिलं असेल आणि एखादी गोष्ट छापू नये असं वाटलं, तर तसं स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्क आहे. पण सगळंच काढायला लावू नका. कोणती गोष्ट आणि का, ते दोघींनी बसून बोला.

अंक निघाला की तो मागून घ्या. पैसे तुम्ही भरलेत. पुष्कळ अंक कॉलेजच्या कपाटात गठ्ठ्यातच राहतात, कारण कोणी न्यायलाच येत नाही. घरी आणा आणि गटाच्या बैठकीत एखादा लेख मोठ्याने वाचायला सांगा.

त्या काकूंना आम्ही एवढं सगळं सांगितलं. त्यांनी पावती घडी घालून पाकिटात ठेवली आणि म्हणाल्या, "मग पोरीला सांगते, माझी गोष्ट घे म्हणून. पण आधी मला वाचून दाखवायची."

यंदाच्या अंकाचा मजकूर महिनाअखेरपर्यंत स्वीकारला जातो आहे. तुमच्या घरी कॉलेजला जाणारं कोणी असेल, तर आज रात्री जेवताना विचारा, की तू काही लिहिलंस का.